छाटणीची टोपली कुठे रिकामी करशील?

अगो बाय, तू रात्री पाठवलेला फोटो आज सकाळी चहा टाकता टाकता बघितला. गेटवरची लोखंडी कमान झकास बसलीय. मिस्त्रीने पैसे जास्त घेतले म्हणतेस, पण काम चोख आहे, आता त्याचं दुःख करत बसू नकोस. माझी नजर मात्र कमानीवर ठरलीच नाही. तिच्या पायाशी काळ्या पिशवीत हातभर फांदी उभी आहे ना, पत्त्यातल्या बदामासारख्या पानांची, कडा जरा लहरलेल्या, वर गुलाबी फुलांचे दोन तुरे, तिच्यावरच अडकली. खाली तू लिहिलंयस, "ताई, आइसक्रीम वेल मिळाली, तीही फुकट!"

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतेस आणि पुढच्या क्षणी भाजी कुठली केलीत ते विचारतेस. म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय. दुपारी निवांत वाच.

आधीच सांगते, रागावण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. मिरजोळ्यात ही वेल हौसेने लावणाऱ्यांत मी होते. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या पावसात माहेरच्या मैत्रिणीने ओल्या फडक्यात गुंडाळून तिचा तुकडा दिला. आमच्या मागच्या जांभ्याच्या गडग्याला काहीतरी रंग हवा, असं मला फार वाटायचं. काळ्या-तांबड्या दगडावर शेवाळ चढलेलं, पलीकडे पऱ्याचा ओहोळ, त्याच्यापलीकडे दुसऱ्यांची कलमं. लावली. पहिल्या वर्षी बापडी अंग चोरून होती. दुसऱ्या वर्षी श्रावणात गडगा दिसेनासा झाला, भाद्रपदात तर अख्खी भिंत गुलाबी. गणपतीला आलेली प्रत्येक बाई मागे जाऊन फोटो काढून घ्यायची आणि जाताना "मला एक फांदी दे गो" म्हणायची. मीही देत गेले. किती घरांत दिली, आज आठवत नाही, आणि तेच मला खुपतं.

सासूबाई तेवढ्या म्हणाल्या होत्या, "ही पाहुणी घर विचारायला आलेली नाही, घर बघायला आलीय." मला तेव्हा तो टोमणा वाटला. त्या बऱ्याचदा माझ्याबद्दलही तसंच बोलायच्या, म्हणून.

तिसऱ्या वर्षी वेल पन्हळीत शिरली. मग मी कोयती घेतली आणि दर पंधरा दिवसांनी छाटायला लागले. टोपलीभर निघायचं. ती टोपली घेऊन मी काय करायचे? गडग्यावरून पलीकडे पऱ्याच्या काठाला ओतायचे. सगळेच ओततात. पालापाचोळा आहे, कुजेल, कुणाचं काय जातंय!

पुढचं नीट वाच. पऱ्याच्या खालच्या अंगाला एक घर आहे. तिथली मंडळी मुंबईला, वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि मे महिन्यात. घराशेजारी हापूसची जुनी कलमं, त्यांच्या आजोबांच्या हातची. एका मेमध्ये तिथले काका सकाळी आंबे काढायची घळ घेऊन बागेत गेले. मीही कढीपत्ता मागायला म्हणून गेले होते, तर काका सगळ्यांत मोठ्या कलमाखाली मान वर करून उभे. पऱ्याकडची अर्धी बाजू वेलीने अशी झाकली होती, की झाडावर कुणी गोधडी वाळत घातलीय असं वाटावं. वरच्या बाजूला हिरवी, खाली वाळलेल्या काटक्यांचं जाळं आणि त्यात अडकलेला कलमाचा गळलेला पाला. दुसऱ्या बाजूला आंबे लागलेले होते. ह्या बाजूला एकही नाही. काकांनी घळ हळूच खोडाला टेकवली आणि म्हणाले, "ही कुठून आली असेल गो?"

मी म्हटलं, "काय माहीत, पावसात वाहून आली असेल." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

त्या दिवसापासून ह्या वेलीबद्दल जे मिळेल ते वाचत गेले, आणि स्वतः खणलं त्याहून जास्त. तिचं शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस, कधी शोधायचं झालं तर ह्याच नावाने शोध. मूळची मेक्सिकोची. तिथे तिचे कंद लोक खात आले आहेत. होय, कंद! कुणी फांदी देताना ते सांगत नाही, कारण देणाऱ्यालाच ते दिसलेले नसतात. वर फुलांची आरास चाललेली असते तेव्हा खाली जमिनीत रताळ्यासारख्या गाठी भरत असतात. उन्हाळ्यात वरचा पसारा वाळला, की आपण म्हणतो, गेली एकदाची. खाली बाई जेवूनखाऊन झोपलेल्या असतात. पहिला पाऊस पडला, की उठतात.

आता आपल्याकडची जमीन बघ. माती वीतभर, खाली जांभा, जांभ्यात भेगा. कंद त्या भेगेत उतरला, की कुदळ वर आपटते आणि परत येते. मी पहार घेतली. दोन दिवस खपून माझ्या मनगटाएवढा एक कंद अर्धा बाहेर काढला आणि तो मधोमध मोडला. "निघाला!" म्हणून मी ओरडलेसुद्धा. जूनअखेर त्याच भेगेतून तीन कोंब आले. तांबूस, लुसलुशीत, अगदी शहाण्या बाळासारखे. मला हसावं की रडावं कळेना.

दुसरी गोष्ट तिच्या बियांची. फूल म्हणून आपण जे बघतो, ती गुलाबी पाच दलं गळून पडत नाहीत. ती वाळून तपकिरी कागदासारखी होतात आणि बी त्यांच्यात गुंडाळलेली राहते. हातात घेऊन चुरगाळून बघ, आत टोकदार दाणा लागेल. ही कागदी पुडी पाण्यावर तरंगते. मिरजोळ्याच्या पावसात पाण्यावर तरंगणारी वस्तू कुठवर जाईल, ते तुला मी सांगायला नको. गेल्या वर्षी तुझी एक चप्पल शोधायला आपण कुठपर्यंत गेलो होतो?

तिसरं म्हणजे तिचं चढणं. काकड्या-दोडक्यांना जशी सुतं फुटतात, तशीच हिच्या फुलांच्या तुऱ्याच्या टोकाला फुटतात. म्हणजे ती फुलतही असते आणि त्याच वेळी पुढची फांदी पकडतही असते. अमरवेलीसारखी किंवा बांडगुळासारखी ती झाडाचा रस पीत नाही, हे मान्य. बागायतदार म्हणूनच तिच्याकडे लक्ष देत नाहीत. बांडगूळ दिसलं, की गडी चढवून लगेच तोडतात, आणि हिला म्हणतात, "फुलांची आहे, राहू दे." पण ती झाडाचं ऊन पिते. कलमाच्या शेंड्याला ऊन मिळालं नाही, तर मोहोर कुठून धरणार? काकांच्या कलमाचं झालं ते एवढंच.

तरीही तिच्या बाजूने एक बोलते, नाहीतर म्हणशील ताईने डूख धरलाय. पावसाच्या शेवटाला सातेरी माश्या ह्या वेलीवर नुसत्या घोंगावतात. मधपेट्या ठेवणारे तिला चांगलंच म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास वेलीखाली उभं राहिलं तर वर गुणगुण ऐकू येते. मी गडग्यावरची वेल काढली त्या वर्षी ती गुणगुण गेली, आणि मला करमलं नाही. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आता तू म्हणशील, परदेशी झाड म्हणून वाईट, असंच ना? नाही गो. तसं म्हणायला लागलो तर आपल्या घरात चूल पेटणार नाही. काजू पोर्तुगीजांनी आणला, मिरची अमेरिकेतून आली, आणि ज्या हापूसवर तुझ्या सासरचं वर्ष निघतं त्याचं नावसुद्धा अफोन्सो नावाच्या पोर्तुगीजाचं. गणपतीच्या दिवसांत दारादारात ती नाजूक लालचुटूक गणेशवेल असते ना, बडीशेपेसारख्या पानांची, तीही तिकडचीच, अमेरिका खंडातली. पण ती वर्षाची पाहुणी. फुलते, बी टाकते, दिवाळीनंतर वाळून जाते. खाली कंदबिंद काही नाही. नको तिथे उगवली तर दोन बोटांनी उपटता येते. बोगनवेलही ब्राझीलकडची, पण कुणाची बोगनवेल पऱ्यातून पळून दुसऱ्याच्या कलमावर बसलेली मी तरी पाहिली नाही.

जगभरच्या शास्त्रज्ञांचा एक मोठा अहवाल २०२३ मध्ये आला, आयपीबीईएस म्हणून संस्था आहे तिचा. माणसाने इकडचे तिकडे नेलेले ३७ हजारांहून जास्त जीव त्यांनी मोजले. त्यातले नुकसान करणारे निघाले साडेतीन हजारांच्या वर. वनस्पतींचं बघितलं तर शंभरांत सहा. चौऱ्याण्णव गुण्यागोविंदाने नांदतात. खोड त्या सहांची. आणि त्यातल्या बऱ्याच अशाच शोभेच्या म्हणून आलेल्या. घाणेरी काय वेगळी होती? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुलं छान म्हणून इंग्रजांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली, आज तिने कुठला डोंगर सोडलाय सांग.

उलटही होतं, आणि ते वाचून मला फार गंमत वाटली. आपली कळलावी घे. पावसात कुंपणातून ज्वाळेसारखी वर येते, लाल-पिवळी, काही घरांत तिला गौरीचे हात म्हणतात. इथे कधी कुणाला तिचा जाच झाला? कंद विषारी, म्हणून पोरांना जपायचं एवढंच. तीच कळलावी ऑस्ट्रेलियात बागांमधून निसटली आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर तण होऊन बसली. आणि ती निळी मोठ्या फुलांची थनबर्जिया, तुझ्या जावेच्या माहेरी बाल्कनीत आहे ती, आपल्या ईशान्येकडच्या जंगलातली. क्वीन्सलँडमध्ये तिचे कंद एवढाले होतात, की एकट्यादुकट्याला उचलवत नाहीत, आणि तिथलं सरकार ती विकूही देत नाही. आपल्याच पोरी, माहेरी गरीब गाय, सासरी जाऊन उच्छाद!

म्हणून मी वेलीचं गाव विचारत नाही. तिची जायची वाट विचारते. मुळाशी कंद आहे का? तुटलेला तुकडा जमिनीवर पडला तर रुजतो का? बी कशावर बसून जाते, पाण्यावर, वाऱ्यावर की पाखराच्या पोटातून? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती निसटली तर बघायला तिथे कुणी आहे का?

ह्या शेवटच्या प्रश्नावर मी अडते, कारण आपलं गाव तू बघतेसच. एमआयडीसी झाली, रत्नागिरी चालत आल्यासारखी जवळ आली, रस्त्याकडेला बंगले उठले. आणि आतल्या वाड्यांत? कुलपं. एक घर उघडं, दोन बंद. अंगणात गवत, पडवीत वाळवी, विहिरीवर कुणी नाही. अशा घराच्या मागे वेल पोचली, की तिला विचारणारं कोण? वर्षाचे अकरा महिने ती आणि बाग. कॅरिबियन समुद्रात सिंट युस्टेशियस नावाचं डच लोकांचं इवलंसं बेट आहे, अवघं एकवीस चौरस किलोमीटर. तिथे हीच आपली गुलाबी वेल शोभेची म्हणून गेली आणि आता बेटावरची मोठी डोकेदुखी झालीय. कुठे जास्त फोफावली? लोकांनी कसणं सोडून दिलेल्या जमिनींवर. हे वाचलं तेव्हा मला बेट दिसलंच नाही. मला काका दिसले, घळ टेकवून उभे असलेले.

सड्याचं तर बोलतच नाही. पावसाळ्यात वर कातळावर सीतेची आसवं फुलतात, ती बोटभर उंचीची निळीजांभळी फुलं. चार महिन्यांचं त्यांचं आयुष्य, उघड्या उन्हावर चाललेलं. सड्याच्या कडेला लोक घरातला आणि बागेतला कचरा टेम्पोने नेऊन ओततात, तो बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. त्यात कुठल्या बागेची छाटणी असते, कुणाला ठाऊक.

काकांकडे नंतर मी गेले. पुढच्या गणपतीत. सांगितलं, "काका, ती वेल माझ्याकडची." काकू आधी बोलेनातच. काका म्हणाले, "मग काढूया." बस. त्यांचा मुलगा, माझे हे आणि मी, तिघांनी चार दिवस घातले. आम्ही एक चूक केली, तेवढी तुझ्यासाठी सांगून ठेवते. झाडावरची वेल ओढून काढायला गेलो, तर तिच्याबरोबर कलमाच्या कोवळ्या डहाळ्या खरचटून निघाल्या. तसं करायचं नाही. खाली कमरेच्या उंचीवर सगळे दोर कापायचे, वरचं वरच वाळू द्यायचं, महिन्याभराने हलवलं की आपोआप सुटतं. बी धरायच्या आत कापलं, तर निम्मी लढाई जिंकली. मग खालचे कंद, पाऊस लागून माती मऊ झाली की. जो निघाला तो निघाला. उरलेल्याला दर पंधरा-वीस दिवसांनी कोंब खुडून उपाशी ठेवायचं. पान दिसलं, की खुड. फवारा मारून नुसती पानं करपवली, तर खालचा कंद हसतो आपल्याला, शिवाय तिथे विहीर जवळ. दोन पावसाळे आम्ही खुडत होतो. काका मुंबईला असले, की मी जायची. अजूनही जाते. ह्या जूनमध्ये दोनच कोंब होते.

काकू आता कढीपत्ता मागायची वेळ येऊ देत नाहीत, आधीच पाठवतात.

ग्रामपंचायतीकडे जैवविविधतेची नोंदवही असते, ती ठेवायला कायद्यानेच गावोगावी समिती असते. त्या नोंदवहीत आपल्या गावच्या औषधी वनस्पती, देवराया असं काय काय लिहायचं असतं. माझ्या मनात आहे, की कुठल्या पऱ्याला ही वेल पोचलीय, तेही एकदा लिहून घ्यावं. त्यासाठी कुणी तरी हिंडायला हवं. तुझे पाय तरणे आहेत. बघ, जमलं तर पाऊस ओसरल्यावर जाऊ दोघी, घावनं बांधून घेऊ.

आता तुझ्या कमानीचं. कमान मोकळी ठेवायची नाही, हे मलाही मान्य आहे. नुसतं लोखंड उघडं राहिलं तर सासरचे म्हणतील, बघा हिची हौस. तुझ्या गेटला दुपारपर्यंत ऊन असतं, तिथे जुई लाव. पावसात संध्याकाळी गाडी आत घेताना वास येईल, तो कुठल्या आइसक्रीमला नाही. किंवा कुसर लाव. कुसर माहीत आहे ना? रानातली जाई ती, उन्हाळ्यात राईच्या कडेला पांढरीशुभ्र फुलते, आपण लहानपणी करवंदं काढायला जायचो तेव्हा तिचे गजरे करायचो. नर्सरीत सहसा मिळत नाही. आमच्या मागच्या बांधावर आहे, तिच्या दोन फांद्या मी गेल्याच महिन्यात मातीत दाबून ठेवल्यात, मुळं धरली असतील. मधुमालती म्हणशील तर माझी ना नाही, पण ती बुडातून इकडेतिकडे फुटवे काढते, त्यामुळे फरशीजवळ नको. आणि जे काही लावशील त्याची छाटणी आपल्याच कुंपणात, आपल्याच खड्ड्यात. पऱ्याला पान जाता कामा नये. जुईचंसुद्धा नाही. हाताला सवयच ती लागू दे.

राहिली ती पिशवीतली फांदी. घाबरून फेकू नकोस, कचऱ्याच्या गाडीत तर अजिबात नको, आणि गडग्यापलीकडे भिरकावलीस तर माझ्याशी गाठ आहे. ज्या वहिनींनी दिली, त्यांच्यावरही चिडू नकोस. त्यांना ती कुठून मिळाली असेल, ह्याचा मला दाट संशय आहे, आणि तो संशय घेऊन मला त्यांच्याकडे स्वतः जायचंय.

पिशवी आहे तशी पडवीत उचलून ठेव, जमिनीला टेकू देऊ नकोस, पिशवीच्या भोकातून मुळं खाली उतरतात. रविवारी सकाळच्या एसटीने येते. कुसरीचं रोप आणते, तू गेटच्या आतल्या अंगाला हातभर खड्डा काढून शेणखत घालून ठेव. ती फांदी आपण मुळासकट बारीक करून बादलीत पाण्याखाली दाबून ठेवू, वर एक चिरा ठेवू. दीड-दोन महिन्यांत कुजून तिचं पाणी होईल, तेच मग कुसरीला घाल.

बादलीला झाकण मात्र शोधून ठेव घट्ट बसणारं, नाहीतर डास होतील आणि त्याचंही खापर माझ्यावर.